पाच हॉर्सपासून साडेचार हजारांपर्यंत

आमच्या रानातल्या विहिरीवर पाच हॉर्सचं डिझेल इंजिन होतं. एका सिलिंडरचं, जड चाकाचं, सिमेंटच्या कट्ट्यावर चार बोल्टांनी आवळलेलं. ते सुरू करणं हे आमच्या आबांचं काम. डिकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, हँडल घालून दोन्ही हातांनी फिरवायचं आणि चाकाने गती धरली की खटका सोडायचा. पहिला ठोका पडला की सायलेन्सरातून काळा लोट उठे, मग तो राखाडी होई आणि चार-पाच मिनिटांत दिसेनासा होई. पाण्याचा फुगा पाटात पडलेला दिसत असतानाही आबा लगेच दारं धरायला जात नसत. कमरेवर हात ठेवून ते धुराकडे बघत उभे राहत.

धूर काळाच राहिला तर नोझल नीट मारत नाही किंवा इंजिनावर बोजा जास्त झालाय. निळसर आला तर रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. पांढरा आला तर डिझेलात पाणी, नाहीतर टायमिंग हललंय. आबांची शाळा चौथीपर्यंत झाली होती. हे निदान मात्र आजच्या कुठल्याही इंजिन-अभियंत्यासमोर मांडलं तरी तो त्यात फारशी दुरुस्ती करणार नाही.

हे आठवण्याचं कारण कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल. आमच्या त्या विहिरीपासून तासाभराच्या अंतरावर कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या कारखान्यात, शेतीपंप आणि जनरेटरच्या इंजिनांच्या जोडीला, रेल्वेच्या मालगाड्या ओढणारी बारा सिलिंडरची डिझेल इंजिनं जुळवण्याचं काम आलं. आराखडा अमेरिकेतल्या जीई कंपनीच्या इव्होल्यूशन मालिकेचा. जीईचा हा रेल्वे विभाग २०१९ च्या फेब्रुवारीत वॅबटेक कंपनीत विलीन झाला. कमी धूर आणि कमी डिझेल हीच या मालिकेची ओळख. पाच हॉर्सचा जिल्हा साडेचार हजार हॉर्सच्या कामाला लागला, त्याची ही हकिगत आहे.

आपल्या भाषेत रुळावरच्या त्या अख्ख्या धुडाला आपण इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या यंत्रालाही इंजिनच. घोटाळा टाळायला रेल्वेवाल्यांसारखं धुडाला लोको म्हणू. डिझेल लोकोचं इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते अल्टरनेटर फिरवतं, त्यातून वीज होते, ती वीज आसांवर बसवलेल्या मोटारींना जाते आणि त्या मोटारी चाकं फिरवतात. म्हणजे डिझेल लोको हे एक धावतं वीजघर आहे. लोको पायलटच्या हातातल्या दांड्याला आठ खाचा असतात, त्यांना नॉच म्हणतात. पहिल्या नॉचला इंजिन गुणगुणतं, आठव्याला घाट चढतं.

कागलचा आणि रेल्वेचा संबंध मात्र कारखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. कागल ही घाटग्यांची जहागीर. १८८४ साली तिथल्या यशवंतराव नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतलं गेलं. तेच पुढे राजर्षी शाहू छत्रपती झाले. १८८८ साली या मुलाच्या हस्ते मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ साली कोल्हापुरात गाडी आली. कोल्हापूरचं स्थानक आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. कागल गावाला मात्र अजून रेल्वे नाही. इथून निघणारं रेल्वेचं इंजिन आधी ट्रेलरवर चढतं आणि महामार्गाला लागतं. लोको जिथे बांधले जातात ते बिहारच्या सारण जिल्ह्यातलं मढौरा इथून जवळपास दोन हजार किलोमीटरवर आहे.

आता आकडे जरा शेजारी शेजारी ठेवू, कारण त्याशिवाय या उडीचा अंदाज येत नाही.

आमच्याकडच्या प्रकारच्या पाच हॉर्सच्या इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनचा फेरा ११० मिलिमीटरचा. आतली जागा साधारण अर्ध्या लिटरची. इव्होल्यूशनच्या एका सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर आणि फेरा ३२०. पिस्टनचं डोकं एका चांगल्या मोठ्या भाकरीएवढं, आणि एकेका सिलिंडरची जागा पावणेसोळा लिटरच्या आसपास. असे बारा सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन रांगांत बसलेले, मिळून १८८ लिटर. बाराही मिळून ४५०० हॉर्स, म्हणजे एका सिलिंडरमागे ३७५. आमच्या विहिरीवरची ७५ इंजिनं एका सिलिंडरमध्ये आणि ९०० इंजिनं अख्ख्या यंत्रात.

पण मोठेपणापेक्षा मला दुसराच हिशेब महत्त्वाचा वाटतो. पाच हॉर्सचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेऊन लिटरमागे नऊ हॉर्स देतं. हे प्रचंड इंजिन फक्त १०५० फेरे घेतं, तरी लिटरमागे चोवीस हॉर्स देतं. फिरण्याचा वेग कमी आणि ताकद अडीच पटीहून जास्त. ही किमया हवेची आहे. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर टर्बोचार्जरचं पातं फिरतं, ते बाहेरची हवा दाबून आत कोंबतं, आणि दाबल्याने तापलेली ती हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी कूलरमधून थंड केली जाते. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त, प्राणवायू जास्त म्हणजे डिझेल नीट जळणार. जीईच्या आधीच्या पिढीत जे काम सोळा सिलिंडर करत होते, ते २००५ च्या सुमारास बाजारात आलेल्या या बारा सिलिंडरी इंजिनाने उचललं, ते याच जोरावर.

धुराच्या प्रश्नावर इथे थोडं थांबायला हवं. या सगळ्या उद्योगाचा जीव तिथेच अडकलेला आहे आणि त्याविषयी सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच आहे.

आबांना दिसायचा तो काळा धूर म्हणजे काजळी, न जळलेला कार्बन. काजळीचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या पहिल्या गटात टाकला. काजळी कमी करायचा सरळ उपाय म्हणजे सिलिंडरमधला जाळ कडक करायचा. इंधन लवकर सोडा, तापमान वाढू द्या, सगळं जळून जाईल आणि सायलेन्सरातून काहीच दिसणार नाही. पण जाळ कडक झाला की हवेतला नायट्रोजन, जो एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, तो प्राणवायूशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. विरळ असली की ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती घसा आणि छाती जाळतात, उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. आबांच्या डोळ्यांना स्वच्छ वाटणारा धूर नेहमीच स्वच्छ नसायचा. इथे डोळे कमी पडतात आणि यंत्रं लागतात.

मग जाळ मंद करावा, इंधन जरा उशिरा सोडावं, तर नायट्रोजनचं विष घटतं, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त लागतं. एक दाबलं की दुसरं उचलतं. गुऱ्हाळावर ज्याने गुळव्याला काम करताना पाहिलंय त्याला हे लगेच समजेल. काहिलीखालचा जाळ जास्त झाला तर पाक करपतो, कमी पडला तर गूळ धरत नाही, आणि जाळवा ज्या क्षणी चिपाड टाकतो त्या क्षणावर सगळं अवलंबून असतं. इंजिनात हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

या कोंडीतून निघायच्या वाटा कष्टाच्या आहेत. एक वाट इंधनाच्या फवाऱ्याची. आमच्या इंजिनाचं नोझल साधारण दोनशे बार दाबाला उघडायचं. ट्रकच्या टायरात आठेक बार असतात, त्यावरून अंदाज करावा. आजच्या कॉमन रेल पद्धतीत हा दाब दोन हजार बारच्या घरात जातो, तेव्हा डिझेलचं अक्षरशः धुकं होतं आणि त्या धुक्याचा प्रत्येक कण हवेला भेटतो. फवारा कधी सोडायचा, किती सोडायचा, तुकड्यांत सोडायचा का, हे इंजिनावरचा संगणक ठरवतो. दुसरी वाट हवेची, ती वर सांगितली. तिसरी म्हणजे जळून बाहेर पडलेल्या वायूंचा काही भाग थंड करून पुन्हा आत सोडणं, म्हणजे जाळाला थोडा लगाम बसतो. चौथी, धूर बाहेर पडण्याआधी त्यावर युरियाचं पाणी फवारून नायट्रोजनचं विष मोडणं; नव्या ट्रकच्या डिझेल टाकीशेजारी जी दुसरी छोटी टाकी दिसते ती त्यासाठीच. आणि या सगळ्यांच्या मुळाशी इंधन. जास्त गंधक असलेल्या डिझेलने ही नाजूक यंत्रणा टिकत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर दशलक्ष भागांत दहा भाग गंधकाचं डिझेल मिळू लागलं, त्यामुळे पुढची वाट मोकळी झाली.

अमेरिकेने लोकोंसाठी पायऱ्या ठरवल्या, त्यांना टिअर म्हणतात. सर्वांत खालच्या पायरीला एका हॉर्सपॉवर-तासामागे नायट्रोजन ऑक्साइडं साडेनऊ ग्रॅम आणि काजळीचे कण ०.६० ग्रॅम चालत. २००५ च्या दुसऱ्या पायरीला ती मर्यादा ५.५ आणि ०.२० झाली, २०१५ च्या चौथ्या पायरीला १.३ आणि ०.०३. हे आकडे कोरडे वाटतात म्हणून ढोबळ हिशेब केला. ४५०० हॉर्सचं इंजिन तासभर पूर्ण जोराने चाललं तर खालच्या पायरीला ४३ किलोच्या आसपास नायट्रोजन ऑक्साइडं आणि पावणेतीन किलो काजळी. चौथ्या पायरीला सहा किलोहून कमी आणि काजळी दीडशे ग्रॅमच्या आत. दोन्हींत एकच मालगाडी, एकच घाट, तोच तास. इतका फरक माणसाच्या बुद्धीने पडू शकतो.

भारतासाठीच्या या लोकोंना पॅरिसच्या यूआयसी या आंतरराष्ट्रीय रेल्वेसंघटनेच्या नियमांची पहिली पायरी लावली गेली. ज्या रेल्वेत दशकानुदशकं लोकोच्या धुरावर मोटारींसारखं बंधनच नव्हतं, तिथे हे पाऊल मोठं होतं. पण ती पायरी पहिलीच आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. जनरेटरच्या बाबतीत आपण १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी-चार-प्लस हे कडक नियम आणले आणि कागलसारख्या ठिकाणच्या कामगारांनी ते पेललेही. रुग्णालयामागच्या जनरेटरला जो नियम, तो वस्तीतून जाणाऱ्या लोकोला का नसावा? मला तरी याचं पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

आता कोल्हापूर. हे काम इथे का आलं, याचं उत्तर जमिनीच्या दरात शोधणाऱ्यांना अर्धंच उत्तर मिळेल.

कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात लोखंडाचं वेड जुनं आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिन झालं. देशात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्याचा लौकिक आहे. १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली. आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर वाढत गेलं. उसाला पाणी हवं, पाण्याला पंप हवा, पंपाला इंजिन हवं, इंजिनाला सुटे भाग हवेत. ही साखळी एका ठिकाणी सुरू झाली की थांबत नाही. उद्यमनगर पुरेना म्हणून पांजरपोळ, वाय. पी. पोवार नगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शेवटी कागल.

आज जिल्ह्यात लहानमोठ्या तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. पिस्टन शिरोलीत होतात, बेअरिंग गोकुळ शिरगावात. सायंकाळी शिरोलीच्या रस्त्याने गेलं की ओल्या वाळूचा आणि जळक्या बाइंडरचा वास येतो. भट्टीचं तोंड उघडलं की शेडचं छत नारिंगी होतं. लाडलमधला रस साच्यात ओतताना ओतारी श्वास रोखतो आणि रस वर दिसू लागला की सोडतो. चौदाशे अंशांवरचं लोखंड वाळूच्या पोटात अंधारात थंड होतं, आणि ते आत नेमकं कसं झालं हे साचा फोडल्याशिवाय कळत नाही.

हे ओतकाम आणि धूर यांचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध थेट आहे. सिलिंडरचा लायनर गोल असावा लागतो. दिसायला गोल नव्हे, तर हेडचे बोल्ट आवळल्यावरही, इंजिन तापल्यावरही गोल. ब्लॉकच्या भिंतीत एका बाजूला लोखंड जाड पडलं, पाण्याच्या वाटेसाठी ठेवलेला वाळूचा कोअर साच्यात किंचित सरकला, तर ब्लॉक तापल्यावर असमान फुगतो, लायनर अंडाकृती होतो, रिंगा एका बाजूने टेकत नाहीत आणि ऑइल वर चढून जळतं. आबांचा निळा धूर तो हाच. इंधनाची काजळी आटोक्यात आली की धुरातल्या कणांत या जळलेल्या ऑइलचा वाटा मोठा ठरतो. लायनरच्या आतून होनिंग करून तिरप्या बारीक रेघा काढतात, त्या रेघांत ऑइल नेमकं लागेल तेवढंच धरून राहायला हवं. उद्यमनगरात पूर्वी सुतात बोलत. इथे मायक्रॉनमध्ये बोलावं लागतं, आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. संगणक कितीही हुशार असला तरी वाकड्या लायनरपुढे तो काही करू शकत नाही. कमी धुराच्या इंजिनाची निम्मी गोष्ट ओताऱ्याच्या, टर्नरच्या आणि फिटरच्या हातात आहे. म्हणून ते अशा ठिकाणी यावं लागतं जिथे हे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेत.

याच न्यायाने आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ज्या शहरात स्वच्छ इंजिनं होतात त्या शहराच्या भट्ट्यांचा धूर हिशेबातून गाळता येणार नाही. कोळशाच्या क्युपोलाकडून विजेच्या इंडक्शन भट्टीकडे इथल्या अनेकांनी मजल मारली, त्यासाठी कर्जं काढली आणि वीजबिलाचा भार सोसला. वापरून काळी पडलेली वाळू कुठे टाकायची हा प्रश्न मात्र अजून जागच्या जागी आहे. ओढ्याकाठी पडलेले काळ्या वाळूचे ढीग मी पाहिलेत. ती वाळू पुन्हा वापरात आणण्याची तंत्रं आहेत आणि ती परवडावीत यासाठी लहान फाउंड्रीला सामाईक सोय लागते.

आता पुन्हा मढौऱ्याकडे. तिथे लोको बांधण्याचा रेल्वे आणि जीई यांच्यातला करार नोव्हेंबर २०१५ चा. दहा वर्षांत एक हजार लोको, त्यांत सातशे ४५०० हॉर्सचे आणि तीनशे ६००० हॉर्सचे. मढौरा हेही एके काळी साखर कारखान्याचं आणि मॉर्टन चॉकलेटचं गाव; ते धंदे बंद पडून तिथे बेकारी आली होती. उसाच्या एका गावातून निघालेलं इंजिन उसाच्या दुसऱ्या गावात जाऊन लोकोत बसतं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

पण करार झाला तेव्हाचा देश आणि आजचा देश यांत फरक पडलाय. रेल्वेने विद्युतीकरणाचा इतका झपाटा लावला की ब्रॉडगेजचं जाळं जवळपास सगळं तारांखाली आलं. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर, जिथे आमच्या पिढीने डिझेल लोकोच जोडलेल्या गाड्या पाहिल्या, तिथेही आता विजेचे लोको धावतात. मग डिझेलचं काय? मुख्य मार्गांवर वीजच योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो आणि हा हिशेब कोणत्याही टर्बोने बदलत नाही. इंजिन कमी डिझेल पिईल तेवढाच तो घटेल. पण तार तुटते, पूर येतो, खाणीच्या आणि बंदराच्या आतल्या मार्गांवर तार नसते, आणि जगाच्या मोठ्या भागात रेल्वेवर तार अजून दशकानुदशकं येणार नाही. २० जून २०२५ रोजी मढौऱ्यातून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीसाठी पहिला लोको रवाना झाला. तिथल्या सिमांडूच्या लोहखनिजासाठी दीडशेच्या आसपास लोकोंची मागणी आहे. असल्या ठिकाणी प्रश्न डिझेल की वीज असा नसतो. तो डिझेलची मालगाडी की डिझेलचे ट्रक असा असतो. अठ्ठावन्न वॅगनचा एक रेक साडेतीन हजार टनांहून जास्त माल नेतो. तोच माल रस्त्याने न्यायचा तर पावणेदोनशे-दोनशे ट्रक लागतील. कागलच्या महामार्गावर रात्री उभं राहून जो दोनशे ट्रक मोजेल त्याला मालगाडीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. डिझेल जेवढं उरणार आहे तेवढं स्वच्छ असलंच पाहिजे, आणि ते स्वच्छ करण्याचं कसब आपल्याकडे असलं पाहिजे.

कसब आहे का? इथे माझ्या मनात एक काळजी आहे.

कोल्हापूर शिकलं ते उघडून बघून. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी आपले सहकारी दामले यांच्या साथीने इथेच, हाताने, चित्रपटाचा कॅमेरा बनवला. कॅमेरा कसा चालतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उद्यमनगरच्या मेस्त्रींचीही रीत तीच. परदेशी इंजिन आलं की हेड काढायचं, पिस्टन ओढायचा, कॅलिपर लावायचं, लाकडाचा पॅटर्न करायचा, ओतायचं, फसलं तर पुन्हा ओतायचं. दहाव्या वेळी जे इंजिन सुरू व्हायचं ते नक्कल राहिलेलं नसायचं. त्यात इथल्या विहिरीची खोली, इथलं डिझेल आणि इथल्या माणसाचा दांडगेपणा गृहीत धरलेला असायचा.

इव्होल्यूशनचं इंजिन असं उघडता येत नाही. बोल्ट काढता येतील, लायनर मोजता येईल. पण फवारा कोणत्या क्षणी का सुटतो, नॉच बदलताना टर्बो मागे पडला तर संगणक काय करतो, काजळी आणि नायट्रोजन यांतला तोल कोणत्या बिंदूवर धरलाय, हे सगळं आज्ञावलीत बंद आहे आणि ती आज्ञावली कागलची नाही. जुळणीत आपण पारंगत होऊ, भाग उत्तम देऊ. तरी धुराचं ज्ञान, जे आबांसारख्या माणसाकडेही कच्च्या रूपात होतं, ते आपल्या हातून निसटू शकतं. ते परत मिळवायचं तर हेड काढून भागणार नाही. भार देऊन इंजिन चालवणारा टेस्ट बेड, धुरातले वायू मोजणारी उपकरणं आणि त्यांच्याशी वर्षानुवर्षं खेळू शकणारी तरुण मुलं लागतील. मोठ्या कंपन्यांकडे ही सोय असते. शिरोलीच्या एखाद्या चाळीस कामगारांच्या कारखान्याने, ज्याला स्वतःच्या पिस्टनच्या आकारात बदल करून धुरावर काय परिणाम होतो हे बघायचंय, त्याने कुठे जायचं?

म्हणून इथल्या उद्योजक संघटनांना, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशनला, शिरोलीच्या स्मॅकला, गोकुळ शिरगावच्या गोशिमाला माझी विनंती आहे. जिल्ह्यात सर्वांना भाड्याने वापरता येईल अशी धूर-चाचणीची एक प्रयोगशाळा उभी करा. अभियांत्रिकी महाविद्यालयं जवळ आहेत, आयटीआय जवळ आहेत. शाहू महाराजांनी गिरणी काढली, धरण बांधायला घेतलं, तेव्हा परतावा किती वर्षांत मिळेल एवढंच पाहिलं असतं तर ती कामं झाली नसती.

आणि एक विनंती वाचकांना. आमचं विहिरीवरचं इंजिन आबा गेल्यावर भंगारात गेलं. किलोवर वजन झालं आणि टेम्पोत टाकून नेलं. तेव्हा मी अडवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. तुमच्या गोठ्यामागे, गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, विहिरीच्या कट्ट्यावर असं एखादं इंजिन अजून पडलेलं असेल तर ते विकू नका. जवळच्या शाळेला किंवा आयटीआयला नेऊन द्या आणि मुलांच्या हातात पाना देऊन त्याचं हेड उघडायला सांगा.